'पीटर्सकेर्क चर्च' नव्हे, नुसते 'पीटर्सकेर्क'

नेदरलँड्समधील लायडन शहराविषयी लिहिताना 'पीटर्सकेर्क चर्च' म्हणावे की 'पीटरची इगर्जी', असे एका वाचकांनी विचारले आहे. पहिले रूप तर मुळीच लिहू नये. डच भाषेत 'केर्क' म्हणजेच चर्च. तेव्हा ही जोडणी 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचे गोमूत्र' यांच्याच पंगतीतली आहे, आणि तरीही प्रवासवर्णनांत ती सर्रास वाचावी लागते. याहून मला खटकते ते कोणत्याही भव्य चर्चला 'कॅथेड्रल' म्हणणे. बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल, आणि पीटर्सकेर्कला तो मान कधीच नव्हता.

'केर्क'चा 'पंथसंस्था' हा अर्थ परिचित आहे, म्हणून तो सोडतो. खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. 'केर्क' आणि इंग्रजी 'चर्च' ही दोन्ही रूपे ग्रीक 'कुरिआकॉन', म्हणजे 'प्रभूचे (घर)', या शब्दातून आली. त्यातला 'कुरिओस' म्हणजे स्वामी, आणि हा 'कुरिओस' आपल्या 'शूर' शब्दाचा सख्खा नातलग आहे! लॅटिन 'केंतुम'च्या जागी संस्कृतात 'शतम्' येते, तसाच येथे 'क'च्या जागी 'श' आला आहे. मूळ धातूचा अर्थ फुगणे, बळावणे असा असून संस्कृतातील 'श्वि' धातूत तो आजही दिसतो.

'इगर्जी'चे कूळ निराळे आहे. ती पोर्तुगीज 'इग्रेजा'मधून आली, आणि तिच्या मुळाशी असलेली ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे अथेन्सच्या नागरिकांची सभा. वसई-गोव्यातील वास्तूंना हा शब्द शोभतो. लायडनला तो लावू नये, कारण 'इगर्जी'च्या मुळाशी माणसे आहेत आणि 'केर्क'च्या मुळाशी घर.

1591पर्यंत लायडनच्याच विद्यापीठात शिकवणाऱ्या युस्टुस लिप्सियस या थोर पंडितांनी 'केर्क'चे मूळ लॅटिन 'सर्कस', म्हणजे वर्तुळ, असे मानले. हे मत मला साफ अमान्य आहे. जुन्या इंग्रजीतील 'चिरिचे' आणि जुन्या जर्मनमधील 'किरिहा' या रूपांत मधला 'इ' स्पष्ट ऐकू येतो, आणि 'सर्कस'मधून तो निघूच शकत नाही. शिवाय पीटर्सकेर्कचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे. वर्तुळ शोधायचे कुठे?

घर हा अर्थ किती चिवट आहे, ते लायडनच दाखवते. 1572मध्ये शहर स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या प्रोटेस्टंट बंडखोरांच्या बाजूला गेल्यावर कॅथलिकांची चर्चे त्यांच्या हातून गेली. व्रतस्थ स्त्रियांच्या 'फालीडे बखाइनकेर्क'मध्ये पुढे विद्यापीठाचे ग्रंथालय वरच्या मजल्यावर आले, तिथेच शवविच्छेदनाचे सभागृह उभे राहिले, आणि लुडोल्फ फान कोइलेन खाली तलवारबाजी शिकवू लागले. वर्तुळाच्या गणितातील 'पाय'ची (π) किंमत 35 दशांश स्थळांपर्यंत काढणारे गणिती ते हेच. 1610च्या अखेरीस ते वारल्यावर त्यांना पीटर्सकेर्कमध्ये पुरले आणि थडग्यावर ते अंक कोरले. मूळ शिळा हरवली, म्हणून 2000 साली तिथे नवी बसवली. पीटर्सकेर्कमधील नियमित उपासना 1971 साली थांबली आणि आता तिथे विद्यापीठाचे समारंभ व मैफली होतात. नाव मात्र केर्कच राहिले आहे.