नवरा द्राक्षबागेत फवारणी करतो, आम्हाला मूल होत नाहीये. औषधांमुळे असेल का?

ताई, तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "सासरचे म्हणतात आम्हीही जन्मभर औषधं मारली, आम्हाला झाली की पोरं", ते वाचलं आणि राहवलं नाही. निफाड तालुक्यातल्या माझ्या सासरी हे वाक्य मी जेवणाच्या ताटावर ऐकलंय, हळदीकुंकवात ऐकलंय, एकदा तर बाहेरच्या पाहुण्यांसमोरही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: असू शकतं. पण आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा, बाकी सगळं नंतर.

आमच्याकडे उलटं झालं. ऑक्टोबर छाटणी झाली की आमचे हे फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत. ढगाळ हवा आली की भुरीची, म्हणजे वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीची धास्ती, मग रात्री-अपरात्री टाकी भरायची. औषधानं चिंब झालेले कपडे मी घरच्याच बादलीत धुवायचे. इकडे तपासण्या मात्र सगळ्या माझ्या: सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे. डॉक्टरांनी यांचा व्यवसाय विचारला, कागदावर 'शेती' लिहिलं आणि पान उलटलं. काय पिकवता, काय फवारता, कोणी विचारलं नाही. मला लेट्रोझोल, म्हणजे बीज तयार होण्यासाठीची गोळी, सुरू झालं.

मी केमिस्ट्रीची बीएस्सी. गोळीच्या पाकिटातला कागद उघडून रचना बघितली तर तीन नायट्रोजनचं तेच कडं, ट्रायअझोल. आमच्या शेडमध्ये भुरीसाठी आणलेल्या हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलच्या डब्यांत असतं तेच. एक डबा आणला, ओट्यावर गोळ्यांच्या पाकिटाशेजारी ठेवला आणि यांना हाक मारली.

ही औषधं बुरशीचं एक एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे तिच्या पेशीचं आवरण धड बनत नाही. ते एन्झाइम ज्या मोठ्या कुळातलं, त्याच कुळातलं आपल्या अंगात अरोमाटेज आहे. पुरुषी संप्रेरकापासून इस्ट्रोजेन तयार करतं ते. लेट्रोझोल मुद्दाम तेच अडवतं. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदू बीजकोशाला जास्त जोर लावायला सांगतो, म्हणून ती गोळी ठरावीक पाच दिवस देतात. प्रयोगशाळेत भुरीची ही औषधंही अरोमाटेजला अडवताना दिसली आहेत. पुरुषांच्या बाबतीत पुरावा बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाचा, किटोकोनॅझोलचा. त्याच्या मोठ्या डोसनं टेस्टोस्टेरॉन इतकं खाली येतं की प्रोस्टेटच्या कर्करोगात ते त्यासाठीच दिलं गेलंय. आणि कीटकनाशकानं वीर्य आटतं हे काही कोणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. 1977 साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी (जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध) बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनाच, आपल्याला पोरं होत नाहीत, हे आपापसात बोलताना लक्षात आलं. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. ते औषध वेगळं आणि त्याची मारायची रीतही वेगळी, पण "अंगाला लागून काय होतंय" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता मामंजींचं वाक्य. त्यांच्या तरुणपणी बागेत मारायचे मोरचूद-चुना आणि गंधक. गंधकानं डोळे चुरचुरतात, कातडी भाजते, पण ते अरोमाटेजच्या वाटेला जात नाही. ट्रायअझोल आपल्या बागांत नंतर आली. तेव्हा "आम्हीही मारली" यातलं 'मारली' एवढंच खरं, औषध ते नव्हेच. दुसरा युक्तिवाद डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा: "लाल नाही, निळा आहे, निळ्यानं कोण मरतं?" लालपेक्षा कमी विषारी, एवढंच खरं. तो रंग पोटात गेल्यावर किंवा कातडीला लागल्यावर जीव जायला किती लागतं तेवढंच सांगतो. संप्रेरकांचं काय होईल याचा रंग डब्यावर नसतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या मण्यात औषधाचा अंश किती हे आपण पैसे भरून तपासतो, ते मारणाऱ्या माणसाची मात्र साधी वीर्यतपासणी म्हटलं की घरात सुतक.

यांची तपासणी शेवटी झाली. सासूबाई म्हणाल्या, "पुरुषाची कसली तपासणी?" मी म्हटलं, जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनंही काहीतरी असतं. रिपोर्ट आला, शुक्राणू कमी. व्हेरिकोसीलही (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) निघालं, त्याचं ऑपरेशन झालं, तंबाखू सुटली, फवारणी गड्याकडे गेली (त्यालाही बायको आहे, हे मला तेव्हाही टोचलं, मास्क-हातमोजे आणून दिले, उन्हाळ्यात तो घालत नाही). आता मुलगी आहे. यातल्या कशानं झाली ते कोणी सांगू शकणार नाही, मीही नाही.

आणखी एक. प्रयोगशाळेतले डोस मोठे असतात, आणि ही औषधं लेट्रोझोलच्या मानानं फारच दुबळी. ताटातल्या द्राक्षांना घाबरून काही होणार नाही. प्रश्न टाकी कालवणाऱ्याचा आणि कपडे धुणाऱ्याचा आहे. तुमचं कारण साफ वेगळंही निघेल.

शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून फवारणी थांबवून लगेच फरक शोधू नका. डब्यांवरच्या घटकांच्या नावांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, ते विचारणार नाहीत. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, यांचे यांनीच धुवायचे. आणि रिपोर्ट घरी आला की कपाटात ठेवू नका. माझे रिपोर्ट सगळ्या भावकीनं वाचले होते, मी यांचाही जेवणाच्या वेळीच वाचून दाखवला.