हिरडीतून पू येतो, कोणती अँटिबायोटिक घ्यावी? आधी कल्चर (पुवातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) करून घेऊ का?

आधी दात साफ करून घ्या, गोळीचं मग. इतकं ठासून लिहितोय कारण आमच्या घरी बरोबर उलटं झालं.

बाबांना खर्रा (तंबाखू-सुपारी), वरून शुगर. हिरडी सुजली की दादा मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलच्या सहा गोळ्या आणायचा. दोन दिवसांत सूज उतरली की उरलेल्या गोळ्या फडताळात. चार वर्षं हेच चाललं. मी सफाईचं नाव काढलं की दादा म्हणणार, "कायले साफ करतं, दात हालतीन." शेवटी कापूस वेचणीच्या दिवसांत बाबांना ज्वारीची भाकर चावेना, तेव्हा मीच त्यांना वर्ध्याला नेलं.

डॉक्टरबाईंनी खुणांची बारीक सळई हिरडीत घातली. 7 मिलिमीटर आत गेली. चांगल्या हिरडीत ती 3 च्या पुढे जात नाही. मग दाताच्या मुळावरून काळं किटण निघालं, चुलीवरच्या तव्याच्या बुडाला धरतं तसं, खपलीखपलीने. जंतूंचा चिकट थर त्यावरच बसलेला असतो. थरातले जंतू गोळीला दाद देत नाहीत, तो खरवडूनच काढावा लागतो.

आता गोळीचं. मेट्रोनिडाझोल हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना मारते, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस त्यांतलाच. पण ॲग्रिगॅटिबॅक्टर नावाचा जंतू तिला एकटीला सहसा पुरून उरतो. नुसती अमॉक्सिसिलिन घ्यावी, तर काही प्रिव्होटेला जंतू तिला फोडणारं एन्झाइम सोडतात. म्हणून आजार फार वाढलेला असेल तर डॉक्टर सफाईसोबत दोन्ही देतात, तेही मोजके दिवस. कल्चरसाठी दात आणि हिरडीमधल्या खोल फटीतला नमुना कागदी काडीवर घेऊन हवा न लागता लॅबला पोचवावा लागतो. साध्या लॅबच्या कापसाच्या बोळ्यावर हे जंतू वाटेतच मरतात. सफाई आणि औषध होऊनही पू थांबला नाही, तर त्या तपासणीचा विचार करा.

ताप आला, गाल सुजला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. आणि शुगर आटोक्यात नसेल तर हिरडी लवकर बरी होत नाही.

बाबांचे खालचे दोन दात गेले. सफाईनेच गेले असं दादा अजून म्हणतो. ते दोन्ही दात हलतात हे बाईंनी सफाईच्या आधीच केसपेपरवर लिहिलं होतं. तो केसपेपर माझ्याकडे आहे.