कोयत्याचा हिशेब

दांडिया बाजार, बडोदे

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पानं वाचली. नंदुरबारकडून बारडोलीला ऊस तोडायला जाणाऱ्या टोळीवर कादंबरी लिहायला घेतलीस, याचा फार आनंद झाला. आपल्या बडोद्यातल्या मराठी लेखनात सयाजीराव येतात, राजवाडा येतो. दर हंगामाला खानदेशातून गुजरातेत उतरणारा मजूर क्वचितच येतो.

मात्र तुझ्या पानांत दुःख पुष्कळ आहे आणि हिशेब कुठेच नाही. तुझा नायक रात्री आभाळाकडे बघत बसतो. तो तर उचल किती फिटली ते बोटांवर मोजत बसेल! ही उचल त्याने पावसाळ्यात, घरातलं धान्य संपलं तेव्हा मुकादमाकडून घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरतात. हंगामभर हाती पडते ती खाण्यापुरती खावटी. मजुरीचा हिशेब शेवटी, आणि त्यातूनही उचल, तिच्यावरचं व्याज, खावटी हे सगळं वजा. २०२३ साली गुजरात सरकारने ऊसतोडीची किमान मजुरी टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ केली. वर्तमानपत्राचं काम तेवढ्यावर भागतं, तुझं भागणार नाही. टन भरायला मोळ्या किती लागतात? वजन कोण मांडतं? बाईच्या घामाचे पैसे कोणाच्या हातात पडतात, आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेली चिल्लर ती कुठे ठेवते? पडावावर धाकट्याला सांभाळायला थांबलेल्या मुलीची शाळा कधी सुटली? माझ्या मते तुझी कादंबरी या शेवटच्या दोन प्रश्नांत आहे.

बोलीचंही बघ. सगळ्यांच्या तोंडी तू ‘आरं, कारं’ घातलंस. ते सातारा-कोल्हापूरकडचं. तुझ्या टोळीत कोणी अहिराणी बोलेल, कोणी भिली, कोणी मावची. मुकादम त्यात गुजराती मिसळेल. ऐकल्याशिवाय संवाद लिहू नकोस. निवेदन मात्र आपल्या बडोद्याच्या मराठीतच ठेव, त्यात गुजराती डोकावली तरी काढू नकोस.

नोकरी सोडायचं मनात आहे म्हणतेस. सोडू नकोस. तीनशे रुपयांच्या कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली आणि दहा टक्के मानधन मिळालं, तरी तीस हजार होतात. आणि आवृत्ती खपायला वर्षं जातात. पन्नालाल पटेलांची गुजराती कादंबरी ‘मानवीनी भवाई’ १९४७ला आली, ज्ञानपीठ मिळालं १९८५ला. मधल्या काळात ते लिहीतच राहिले. तुला गुजराती येते, मुळातून वाच. छप्पनियाच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६च्या, दुष्काळात भूक माणसांचं काय करते, ते त्यात आहे. आणि हो, एखादं प्रकरण कथा म्हणून स्वतंत्र उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला उन्हाळ्यातच पाठव. पावसाळा सरेपर्यंत पानं भरून जातात.

दिवाळीनंतर टोळ्या उतरलेल्या असतील. रजा काढ आणि जा, मैत्रिणीला सोबत घे. मुकादमाच्या ओळखीने जाऊ नकोस. त्याच्यासमोर कोणी हिशेब सांगणार नाही. वही आणि मोबाईल पिशवीतच राहू दे. बायका वाढे विकायला बसतात तेव्हा त्यांच्याजवळ बस, तुझ्याशी त्या बोलतील. परत आलीस की पहिलं प्रकरण नव्याने लिही आणि मला पाठव. या वेळी कागदाच्या एकाच बाजूला लिही, म्हणजे मला शेरे लिहायला जागा राहील.

तुझा,
काका