गेट बंद झालं असेल, तर पहिल्या अर्जात कंपनीचं नाव सोडू नका

नमस्कार. चाकणच्या एकाच कारखान्यात आठ वर्षं काढलीत, ठेकेदार तीन बदलले पण लाईन तीच, आणि युनियनची पावती फाडल्यावर पंधरवड्यात ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून गेटवरून परत पाठवलं, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही हेच भोगलंय. युनियन करण्याचा हक्क, किमान वेतन वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही. मी वकील नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे कलमं आणि मुदती जाणकाराकडून तपासून घ्या.

तुम्ही विचारलंत, तक्रार ठेकेदाराविरुद्ध करू की कंपनीविरुद्ध? दोघांविरुद्ध, आणि कंपनी एक नंबरला. आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. आमच्या मागणीपत्रात कंपनीच पहिली होती. कामगार कार्यालयातल्या टेबलावरच्या साहेबांनी ते पुरतं वाचलंही नाही. “पगार कोण काढतो? ठेकेदार ना? मग मालक तोच. कंपनीचं नाव काढून आणा, नाहीतर अर्ज घेणार नाही.” गेटबाहेर बसलेल्या पोरांच्या घरी चूल पेटायची पंचाईत होती, म्हणून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे अर्ज पुन्हा टाइप करून दिला आणि शिक्का घेतला. पुढे कंपनीच्या वकिलाने तोच शिक्क्याचा कागद कोर्टात दाखवला: ठेकेदारच आपला मालक, असं कामगारांनी स्वतः लिहून दिलंय! तिथून केस जी लंगडी झाली ती सावरलीच नाही. मालक कोण, हाच तर वाद होता. तो टेबलावर ठरवायचा अधिकार त्या माणसाला कुणी दिला होता? आजही आठवलं की संताप होतो.

तुमचा अर्ज नाकारला तर भांडत बसू नका. तोच अर्ज, एक शब्दही न बदलता, त्याच कार्यालयाला स्पीड पोस्टाने (रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय) पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत वरिष्ठांना द्या. मागणी स्पष्ट लिहा: ठेका केवळ नावापुरता आहे, आम्ही कंपनीचेच कामगार आहोत, सेवेत सातत्य आणि मागील पगारासह कामावर घ्यावे.

दुसरा खड्डा वकिलांच्या घाईचा. युनियनमुळे काढलं म्हटल्यावर काही जण लगेच १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे युनियन केली म्हणून काढल्यासारख्या गैरवागणुकीची, तक्रार टाकायला सांगतात, कारण तिची मुदत ९० दिवसांचीच. पण कंपनी ‘ही आमची माणसंच नाहीत’ म्हणत असेल, तर ती तक्रार टिकत नाही. आधी ते मालक-कामगार नातं औद्योगिक विवादाच्या वेगळ्या केसमध्ये सिद्ध करून घ्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या खटल्यात सांगितलंय. वकील ठरवण्याआधी त्यांना हा निकाल विचाराच. त्यांनी विषय टाळला तर दुसरा वकील बघा, असं माझं मत.

नातं सिद्ध होतं ते रोजच्या कामाच्या कागदांतून. नेमणूक कुणी केली, रजा कोण मंजूर करतं, कारवाई कोण करतं, कामावर देखरेख कुणाची, हे कोर्ट बघतं. कंपनीच्या सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर टाकलेला शिफ्टचा तक्ता, ‘उद्या दोन नंबर मशिनवर ये’ असले मेसेज, कंपनीने दिलेलं सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं जपा. फोन बदलण्याआधी बॅकअप घ्या. गेटपास काढून घेण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो हवा. पीएफच्या संकेतस्थळावर सर्व्हिस हिस्टरी उघडून आजच उतरवून ठेवा. त्यात जुना ठेकेदार सोडल्याची आणि नवा लागल्याची तारीख असते. तुम्ही एकही दिवस घरी नव्हतात आणि कागदावर मध्ये ‘ब्रेक’ दिसत असेल, तर ही नोंद तुमच्याच उपयोगाची आहे.

परमनंट कामगारांच्या युनियनबद्दल थोडं कडू बोलतो. आमच्याकडे त्यांचा करार झाला, पेढे वाटले गेले आणि आम्ही गेटबाहेर उभे. सगळ्या युनियन तशा नसतात. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतल्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, तो त्यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं चिवटपणे लढल्यामुळेच. म्हणून तुमच्या युनियनला आधी विचारा की कंत्राटी सभासदाच्या केसचा खर्च ती करणार का, आणि उत्तर लेखी घ्या.

थकलेल्या पगारासाठी वेगळा अर्ज करा. ठेकेदाराने बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. पण ठेकेदाराचा माणूस चेक घेऊन घरी येईल आणि ‘फुल अँड फायनल’च्या व्हाउचरवर सही मागेल, तेव्हा सही करू नका. त्यात ‘माझी कोणतीही तक्रार नाही, मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ अशी ओळ असते, बहुतेक वेळा इंग्रजीत. पैशांची फारच नड असेल तर ‘हक्क राखून, फक्त थकीत पगारापोटी’ असं स्वतःच्या हाताने लिहा, मगच सही करा आणि तिथल्या तिथे फोटो काढा. चेक कुठल्या खात्यावरून आलाय तेही बघा आणि त्याची झेरॉक्स काढून ठेवा.