प्रेमामुळे सुधारून नायक झालेला कोणता खलनायक तुम्हाला खरोखर पटला?

पिकोलो. बाकीचे बरेच मागे आहेत. (पुढे स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.)

'ड्रॅगन बॉल झी' ही जपानी कार्टून मालिका सुरू होते तेव्हा हा हिरवा राक्षस नायकाला, गोकूला, मारायचं एवढ्याच ध्यासानं जगत असतो. गोकू मरतोही, तेही पिकोलोच्याच वारानं. मग पिकोलो त्याचं पोर, गोहान, उचलून नेतो. माया वगैरे काही नाही. वर्षभरानं आणखी बलाढ्य शत्रू येणार आहेत आणि लढायला एक हात कमी पडतोय, एवढाच हिशोब. पोर चार वर्षांचं, रडकं. पिकोलो त्याला रानात एकटं सोडून देतो, नंतर स्वतः झोडपून काढत शिकवतो. शत्रू आल्यावर मात्र त्यांच्यातला नप्पा गोहानवर मारा करतो, तेव्हा हाच पिकोलो मध्ये उभा राहतो आणि तो मारा अंगावर घेऊन मरतो. मरताना म्हणतो काय, तर माझ्याशी धड बोललास तो तू एकटाच. सगळं परिवर्तन या एका वाक्यात आलं. त्याला कुणी समजावलं नाही, कुणी सौंदर्यानं भुरळ घातली नाही. एक पोरगं न घाबरता त्याच्याशी बोललं.

म्हणूनच प्रेयसीच्या प्रेमानं सुधारणारे खलनायक मला फारसे पटत नाहीत. तिथं सुधारण्याचं बक्षीस आधीच समोर ठेवलेलं असतं. पोरांच्या बाबतीत तसं नसतं. 'डेस्पिकेबल मी'मधला ग्रू तीन अनाथ मुली दत्तक घेतो तो निव्वळ चोरीसाठी, आणि मग त्याच त्याच्या गळ्यात पडतात. विनोदी आहे, पण गणित तेच.

कुणीतरी 'हॅरी पॉटर'मधल्या स्नेपचं नाव घेणारच. माझ्या मते तो शूर आहे, सुधारलेला नाही. लिलीवर जन्मभर प्रेम केलं, मान्य. पण तिच्याच मुलाला, हॅरीला, वर्षानुवर्षं वर्गात छळलं, त्याचं काय?

'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरबद्दल मी जरा कंजूष आहे. 1983 च्या चित्रपटात तो मुलाला वाचवण्यासाठी सम्राटाला उचलून खोल फेकून देतो. तो प्रसंग मला आजही हलवतो. पण त्यानंतर तो लगेच मरतो. ज्यांची घरं उद्ध्वस्त केली त्यांच्या नजरेला नजर द्यायची वेळच त्याच्यावर येत नाही.

'ड्रॅगन बॉल'मधल्याच व्हेजिटाचं उलट. तो कुस्तीच्या स्पर्धेतले प्रेक्षक मारतो आणि त्याच दिवशी आपल्या पोराला, ट्रंक्सला, मिठी मारून, बेशुद्ध करून, स्वतःला स्फोटात उडवून देतो. आणि ज्याला मारायचं तो राक्षस, बू, तरीही मरत नाही! बलिदान फुकट गेलेला दुसरा खलनायक मला तरी आठवत नाही. पुढे जिवंत झाल्यावर त्याला घरीच राहावं लागतं, कुरकुरत.

पिकोलोही परत येतो. 2022 च्या 'ड्रॅगन बॉल सुपर: सुपर हीरो' चित्रपटात गोहान मोठा झालाय, अभ्यासात इतका बुडालाय की मुलीला बालवाडीतून आणायला त्याला वेळ नाही. मग गोहानची बायको पिकोलोला फोन करते. एकेकाळी जग जिंकायला निघालेला हा सैतान कुरकुर करतो, आणि पोरीला आणायला जातो.