वाचक विचारतात : टँकमधल्या माशांना घरचं खाणं

प्रश्न : माझ्या टँकमध्ये मॉली, सोर्डटेल, दोन एंजल आणि तळाशी कॉरिडोरास आहेत. सगळ्यांना एकाच डब्यातले फ्लेक्स घालते. आता घरी खाणं करून द्यायचं मनात आहे. कुणी उकडलेलं अंडं सांगतं, कुणी ब्रेड, कुणी मटण. नेमकं काय करू?

उत्तर : ब्रेड आधी यादीतून काढून टाका. पाण्यात तो फुगतो, त्यातून माशांना फारसं काही मिळत नाही आणि उरलेला तुकडा कुजून पाणी नासतं. मटणही नको. त्यातली चरबी टँकच्या पाण्याच्या तापमानाला गोठते, माशांना ती नीट पचत नाही आणि यकृतावर चरबी साठत जाते. अंड्याच्या बलकात पोषण भरपूर आहे, पण तो नुसता टाकला की पाण्यात पावडरीसारखा पसरतो.

आता तुमचे मासे पाहू. मॉली दिवसभर शेवाळ कुरतडणारी, तिचं आतडं लांब. एंजल शिकारी, त्याचं आतडं आखूड. एकाला जे मानवतं तेच रोज दुसऱ्याला घालून चालत नाही. म्हणून ‘सगळं एकत्र वाटा आणि सगळ्यांना घाला’ हा सल्ला मला पटत नाही. मी फ्रीझरमध्ये कायम दोन पिशव्या ठेवते, एक हिरवी आणि एक गुलाबी, आणि त्या आलटून पालटून वापरते.

गुलाबीसाठी सोललेली कोळंबी 200 ग्रॅम, काटे काढलेला पांढऱ्या मांसाचा मासा 100 ग्रॅम आणि उकडलेलं गाजर 50 ग्रॅम घ्या. हिरवीसाठी सालं काढलेले मटार 200 ग्रॅम, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक 100 ग्रॅम, कोळंबी 50 ग्रॅम आणि चमचाभर स्पिरुलिना, म्हणजे शेवाळासारख्या सूक्ष्म जिवाची हिरवी पावडर. मीठ, तेल, मसाला काहीही नाही. कोळंबी आणि मासा दोन-तीन मिनिटं वाफवाच. काही कच्च्या माशांत आणि कोळंबीसारख्या जिवांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. उष्णतेने ते निकामी होतं.

मिश्रण बांधायला मी जिलेटिनऐवजी अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास वापरते. जिलेटिन गरम पाण्याच्या टँकमध्ये मऊ पडून विरघळू लागतं, अगरचा तुकडा मात्र टिकतो. प्रत्येक मिश्रणाला 200 मिली पाण्यात 6 ते 7 ग्रॅम अगर पावडर टाकून दोन मिनिटं उकळा आणि वाटलेल्या मिश्रणात ओता. इथे एक गोष्ट सांभाळा : मिश्रण फ्रीजमधून काढलेलं थंडगार नको. अगर साधारण 35 ते 40 अंशांना घट्ट होतं, त्यामुळे गार मिश्रणात पडल्या पडल्या त्याच्या गुठळ्या होतात. मिश्रण कोमट असू द्या, भराभर ढवळा, आणि हाताला सोसेल इतकं निवलं की माशांसाठीचं व्हिटॅमिनचं द्रव घाला. क जीवनसत्त्व बहुतेक माशांना शरीरात तयार करता येत नाही आणि उष्णतेत ते टिकत नाही. ते दीर्घकाळ कमी पडलं तर माशांचा कणा वाकडा होतो. मग पिशवीत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ थर पसरून सुरीच्या पाठीने चौकोन आखा आणि गोठवा. लागेल तेवढा चौकोन मोडून घेता येतो. दोन-तीन महिन्यांत संपवा, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

फ्लेक्सचा डबा मात्र फेकून देऊ नका. घरच्या खाण्यात एखादं खनिज कमी पडलं तर चांगल्या तयार खाण्यातून ते भरून निघतं. आठवड्यातले तीन-चार दिवस घरचं, बाकी डब्यातलं, आणि मोठ्या निरोगी माशांना एक दिवस उपास. डबा मात्र लहान घ्या. उघडल्यावर त्यातली जीवनसत्त्वं कमी होत जातात. कॉरिडोरास वरून गळालेल्या चुऱ्यावर जगतात असं धरून चालू नका. दिवा मालवल्यावर त्यांच्यासाठी वेगळा तुकडा तळाशी सोडा.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझा गोल्डफिश खाल्ल्यावर उलटा होऊन तरंगतो. तो मरेल का? मी दिवसातून एकदा पोटभर दाणे घालतो.

उत्तर : अरे, तू इतकं नीट लक्ष ठेवतोस हे मला फार आवडलं. गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. त्यामुळे एकदम पोटभर दिलेलं त्याला सोसत नाही. तरंगणारे कोरडे दाणे खाताना तो हवाही गिळतो. आधी दोन दिवस काहीच देऊ नकोस. घाबरू नकोस, मासा तेवढं सहज सोसतो. मग एक मटार उकडून, साल काढून, चिमटीने चुरून दे. पुढे दाणे थोडा वेळ भिजवून, दिवसातून दोन-तीनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच घाल. पाण्यातला अमोनियाही घरातल्या मोठ्यांकडून तपासून घे, कारण खराब पाण्यातही मासा असाच कलंडतो. आठवड्यात फरक पडला नाही तर माशांची माहिती असलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : माझा बेटा जातीचा मासा घरचं खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो. त्याला जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, द्यावे का?

उत्तर : ट्युबिफेक्स मी देत नाही. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत रोगजंतू आणतात. बेटाची नजर हालचालीवर असते, म्हणून गुलाबी चौकोनाचा टाचणीच्या डोक्याएवढा कण चिमट्याने पाण्यात हलवून दाखवा. जिवंतच द्यायचं तर आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्याशा जिवाची, अंडी घरी उबवा : लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम बिनआयोडिनचं मीठ, हवेची नळी, 26 ते 28 अंश तापमान, आणि 24 ते 36 तासांत नारिंगी पिल्लं पोहू लागतात. पहिल्या काही तासांतच घाला. अंगातला पिवळा बलक संपला की त्यांच्यातलं पोषण झपाट्याने उतरतं. घालण्याआधी बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवा आणि अंड्यांची टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका.