चाळिशीनंतर पुन्हा लेगोसारखे ठोकळे जमवायचे आहेत. परवडतील असे कुठे मिळतील, आणि डुप्लिकेट घेतले तर चालतात का?

नवा बंद खोका घेऊ नका, सुटे घ्या. किलोवर मिळाले तर फारच उत्तम. प्रश्नाचं उत्तर एवढंच, पण तो ‘डुप्लिकेट’ शब्द वाचला आणि लिहायलाच बसले.

१९८६ साली काका मस्कतहून आले तेव्हा दादासाठी लेगोचा डबा आणला आणि माझ्यासाठी फ्रॉक. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. डबा कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर. “हात लावू नकोस, हरवशील.” दादा क्रिकेटला गेला की मी स्टुलावर चढून तो काढायची. दर वेळी जिनाच बांधायची, आमच्या वाड्याचा, आणि दिवेलागणीच्या आत मोडून सगळं होतं तसं ठेवून द्यायची. एकदा एक लाल, आठ बटणांचा (बटणं म्हणजे वरचे गोल उंचवटे) ठोकळा फ्रॉकच्या खिशात राहिला. तो मी परत ठेवला नाही.

पुढे वाडा पाडायचा ठरला. आवराआवर करताना दादाने तो डबा रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला. मी तिथेच बसून भांडी बांधत होते, मला विचारलंसुद्धा नाही. मी बोलले तेव्हा म्हणाला, “तू कधी खेळलीस त्याच्याशी?” मी गप्प बसले, ते चुकलं माझं.

म्हणून पहिला सल्ला: पैसे खर्च करण्याआधी नातेवाइकांचे माळे बघा. ज्यांची मुलं मोठी होऊन बाहेर गेलीत त्यांच्याकडे हमखास पिशवी निघते.

मला स्वतःला ठोकळे मिळाले ते त्रेचाळिसाव्या वर्षी, पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार आणि रविवार, सकाळी लवकर जा). एका माणसाने पोत्यावर मोडक्या गाड्या आणि बाहुल्या मांडल्या होत्या, त्यात ठोकळे मिसळलेले. मी पर्समधून माझा लाल काढला आणि त्यातल्या एका पिवळ्यावर दाबला. टक् करून बसला. लाल धरून हलवला, पिवळा पडेना. ओढला तर दोन बोटांनी निघाला. ठोकळ्यात बघायची ती ही पकड. माती निघते, रंगाशीही जमवून घेता येतं, पण पकड नसेल तर दहाव्या थरावर भिंत फाकते. सव्वादोन किलो ९०० रुपयांना घेतले. तुम्हीही एक खात्रीचा ठोकळा कायम जवळ ठेवा आणि दुकानदार कितीही कुरकुरला तरी लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

१९८६ चा ठोकळा आजच्यावर बसतो, कारण डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगो कंपनीने १९५८ साली पेटंट घेतलं तेव्हापासून माप बदललेलं नाही. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, बटणाची रुंदी ४.८. ते पेटंट केव्हाच संपलं. नुसत्या आकारावर ट्रेडमार्कही मिळणार नाही, असं युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, कारण तो आकार जोडणीच्या कामासाठी आहे. तेव्हा दुसऱ्या कुणी त्याच मापाचा ठोकळा केला तर ती चोरी नाही. दादा अजून म्हणतो, “ओरिजिनल नसेल तर घेऊच नये.” हे साफ चूक आहे. दुसऱ्याचा आख्खा संच, खोक्यावरच्या चित्रासकट उचलून विकणं ही मात्र चोरी, आणि ते मी घेत नाही.

जुन्यात लाल, पिवळे, निळे, पांढरेच जास्त येतात. मला वाडा बांधायचा होता, तपकिरी हवे होते. ते गोब्रिक्स या चिनी कंपनीचे सुटे मागवले. पकड अस्सल ठोकळ्याच्या तोडीची निघाली. अस्सलच हवे असतील तर ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजारात रंग आणि नगाप्रमाणे मिळतात. पण परदेशातून मागवताना हिशेब आधी करा: खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७०. वर टपालखर्च. दहा-वीस दुर्मीळ तुकड्यांसाठी ठीक, भिंतींसाठी नाही.

वाडा आता टेबलावर पूर्ण झालाय. गेल्या दिवाळीत दादाने बघितला आणि म्हणाला, जिना उजवीकडे होता. जिना डावीकडेच होता. तो मी इतक्या वेळा बांधलाय की डोळे मिटून सांगेन.

राहिलं ते. बाजारातले ठोकळे रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात ठेवा, पाणी ४० अंशांच्या वर नको, नाहीतर वाकतात. मग पंचावर पसरून सावलीत वाळवा. घरात लहान मूल असेल तर पोत्यावरचे घेऊच नका, प्लास्टिक कसलं ते कळत नाही. त्याच्यासाठी आयएसआय शिक्का बघून नवेच घ्या. १ जानेवारी २०२१ पासून तो खेळण्यांवर सक्तीचा आहे.